बिब्बा

बिब्बा (शास्त्रीय नाव: सेमेकार्पस ॲनाकार्डियम) हा आंबा व काजू यांच्या कुळातील (ॲनाकार्डिएसी) पानझडी वृक्ष असून त्याच्या काळ्या फळालाही बिब्बा असेच म्हणतात. संस्कृतमध्ये त्यास भल्लातक, अरुष्कर व अग्निक, तर हिंदीत भिलावा ही नावे आहेत. महाराष्ट्रात हे फळ आयुर्वेदिक औषध, घरगुती उपचार आणि दृष्ट काढण्याचे साधन अशा तिन्ही प्रकारे वापरले जाते. त्याचा रस त्वचेला भाजल्यासारख्या जखमा करतो, त्यामुळे औषध आणि विष या दोन्ही रूपांत ते परिचित आहे.

वर्णन

हा वृक्ष हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण भारतापर्यंतच्या पानझडी जंगलांत आढळतो. पाने मोठी, साधी, चिवट व फांद्यांच्या टोकांशी गर्दीने आलेली असतात. फुले लहान व हिरवट पांढरी असतात. फळ सुमारे २.५ सेंमी लांब, तिरकस अंडाकृती, चकचकीत काळे असून ते नारिंगी रंगाच्या मांसल देठावर बसलेले असते. हा देठ वाळवून खातात. बाजारात त्यास ‘बिब्ब्याची फुले’ म्हणतात. कठीण कवचाच्या आतील बी म्हणजे गोडंबी. ती डिंकाच्या लाडवांत व खिरीत घालतात.

रासायनिक गुणधर्म

फळाच्या सालीत काळसर, तेलकट व दाहक रस असतो. त्यात भिलावनोल या नावाने ओळखली जाणारी फिनॉलवर्गीय संयुगे असतात. ती उत्तर अमेरिकेतील ‘पॉयझन आयव्ही’ या वेलीतील उरुशिओल या द्रव्याशी मिळतीजुळती आहेत. रस हवेत काळा पडतो व चुन्याबरोबर कापडावर न पुसणारा डाग धरतो. म्हणून परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी तो वापरीत. वनस्पतीच्या शास्त्रीय नावातील ‘सेमेकार्पस’ या शब्दाचा अर्थही ‘खुणेचे फळ’ असाच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांना अशा खुणांमुळे त्वचादाह झाल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे.

आयुर्वेदातील स्थान

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायन प्रकरणात भल्लातकाचे अनेक कल्प सांगितले आहेत. संजीवनी वटी या प्रसिद्ध औषधातही तो असतो. मात्र शोधन केल्याशिवाय बिब्बा वापरू नये, असा दंडक आहे. शोधनासाठी फळाचे देठाकडील टोक कापून ते विटेच्या चुऱ्यात घोळतात व घासतात. चुरा दाहक तेल शोषून घेतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘ई (१)’ या अनुसूचीत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातकाचा समावेश आहे.

लोकवैद्यक

ग्रामीण महाराष्ट्रात पायात मोडलेला काटा, टाचांच्या भेगा व सांधेदुखी यांवर बिब्बा तापवून त्याचा रस लावण्याची प्रथा आहे. फळाला सुई टोचून ते दिव्यावर धरतात व गळणारे थेंब दुधात घेऊन खोकल्यावर देतात. पोटदुखीने रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या पोटावरही काही ठिकाणी बिब्ब्याचे ठिपके दिले जातात. अशा उपचारांतून कोवळ्या त्वचेवर फोड, जखमा व कायमचे डाग राहू शकतात.

रसाच्या संपर्काने अंगावर पुरळ व फोड येण्यास ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. ही लक्षणे बहुधा लगेच न दिसता एक-दोन दिवसांनी दिसतात. त्यावर खोबरे व तीळ हा घरगुती उतारा समजला जातो. आधुनिक वैद्यकानुसार रस लागलेली जागा तत्काळ साबणाने व भरपूर पाण्याने धुणे आणि वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते. बिब्ब्याच्या रसाच्या संपर्कानंतर मूत्रपिंडाला गंभीर इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

लोकसमजुती व जादूटोणा

बिब्ब्याचा काळा रंग व जाळण्याचा गुण यांमुळे तो वाईट नजर परतवतो अशी समजूत आहे. दुकानाच्या दारात व वाहनांवर लिंबू आणि मिरच्यांबरोबर बिब्बा किंवा कोळसा तारेत ओवून टांगतात. हे काम सहसा शनिवारी वा अमावास्येला केले जाते. बाळंतिणीच्या खोलीत आणि पाळण्यालाही बिब्बा बांधला जातो. याउलट तिठ्यावर टाकलेल्या उताऱ्यात लिंबाबरोबर बिब्बा दिसल्यास ती ‘करणी’ समजून लोक टाळतात. एकच वस्तू रक्षक आणि घातक मानली जाण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली चटके देणे, तसेच साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हे गुन्हे आहेत.

गोडंबी व्यवसाय

विदर्भ व मराठवाड्याच्या काही भागांत बिब्बे फोडून गोडंबी काढणे हे हंगामी मजुरीचे काम आहे. ते प्रामुख्याने स्त्रिया करतात. फळ हाताने धरून ठेचताना रस उडतो. त्यापासून बचावासाठी हातांना राख लावली जाते. तरीही बोटे काळवंडणे, कातडी सोलणे आणि चेहऱ्यावर सूज येणे हे त्रास होतात. सणासुदीच्या लाडवांतील गोडंबीमागे हे धोक्याचे श्रम असतात.

भाषेतील वापर

मराठीत ‘बिब्बा घालणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ चांगल्या चाललेल्या कामात विघ्न आणणे किंवा दोघांत वितुष्ट निर्माण करणे असा होतो.