मिऱ्याच्या दाण्याचें भाडें

इंग्लंडांत १९२५ सालीं स्थावर मिळकतीविषयीं जो मोठा कायदा झाला, त्यानें सरंजामी काळापासून चालत आलेलें हक्कांचें जंजाळ तोडून जमिनीवरील मालकीचे दोनच कायदेशीर प्रकार शिल्लक ठेवले. एक कायमची मालकी, म्हणजे फ्रीहोल्ड; दुसरी ठराविक वर्षांपुरती, म्हणजे लीजहोल्ड. लंडनमध्यें फ्लॅट विकत घेणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या वर्गांत मोडतो. तो लाखो पौंड मोजतो, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीनें पट्टेदारच राहतो. मुदत सरली कीं घर भिंती-छपरासह जमिनीच्या धन्याकडे परत जावें, असा मूळचा करार. मुंबईकरांना ही गोष्ट अगदींच परकी वाटूं नये. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनेंहि आपले भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानेंच दिले होते.

या व्यवस्थेचें मूळ बड्या घराण्यांच्या जमिनींत आहे. १६७७ मध्यें सर टॉमस ग्रोव्हनर यांचा विवाह मेरी डेव्हिस नांवाच्या बारा वर्षांच्या मुलीशीं झाला. तिच्या वारशानें आलेली लंडनच्या पश्चिमेची सुमारें ५०० एकर जमीन त्या काळीं कुरणें आणि दलदल यांपलीकडे फारशी कांहीं नव्हती. मेफेअर, बेल्ग्रेव्हिया आणि पिम्लिको हे भाग पुढें त्याच जमिनीवर उभे राहिले. असल्या घराण्यांची जमीन वंशपरंपरेच्या व्यवस्थापत्रांनीं बांधलेली असे. ती विकण्याची सहसा सोय नसे. म्हणून ती बांधकामासाठीं पट्ट्यानें द्यावयाची, वर्षाकाठीं थोडें भुईभाडें घ्यावयाचें, आणि मुदत सरल्यावर नातवा-पणतवानें आयतीं घरें ताब्यांत घ्यावयाचीं, हा हिशेब ठरला. नव्याण्णव वर्षांची मुदत सर्वपरिचित झाली. खुद्द करार करणाऱ्यांपैकीं कोणीहि तिचा शेवट पाहणार नव्हता.

शेवट पाहण्याची पाळी आली ती भलत्यांवर. दक्षिण वेल्समध्यें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोळशाच्या खाणींभोवतीं वस्त्या वाढल्या. तेथील घरें बहुतांशीं पट्ट्याच्या जमिनीवर, पण कामगारांनीं स्वतःच्या पैशांनीं बांधलेलीं किंवा विकत घेतलेलीं. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या मुदती संपूं लागल्या, आणि आजोबांनीं बांधलेल्या घरांत नातवावर भाडेकरू होण्याचा प्रसंग आला. १९५० मध्यें सरकारी समितीच्या बहुमतानें पट्टेदारास सक्तीनें मालकी देण्याची कल्पना नाकारली. १९५४ च्या कायद्यानें मुदतीनंतरहि भाडें भरून राहण्याची मुभा मिळाली. पण घर गेलें तें गेलेंच. अखेर विल्सन यांच्या मजूर सरकारनें १९६७ सालीं नवा कायदा केला. जमीन न्यायतः जमीनमालकाची, पण तीवरील घर न्यायतः त्यांत राहणाऱ्याचें, हें त्यामागचें तत्त्व. पट्टेदारास मालकी विकत घेण्याचा अथवा मुदत ५० वर्षांनीं वाढविण्याचा हक्क मिळाला. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकचे विश्वस्त, म्हणजे त्याच ग्रोव्हनर घराण्याचे, यांनीं बेल्ग्रेव्हियांतील सुमारें ८० घरांसाठीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत धांव घेतली. १९८६ मध्यें तेथेंहि निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. खाणकामगारांसाठीं केलेल्या कायद्याचा लाभ बेल्ग्रेव्हियांतील धनिकांनींहि उचलला, ही विसंगति मात्र खरी.

फ्लॅट या कायद्याबाहेर राहिले होते. त्यांची पाळी १९९३ मध्यें आली. प्रत्येक पात्र फ्लॅटधारकास उरलेल्या वर्षांवर आणखी ९० वर्षें मिळावींत, आणि भुईभाडें एका मिऱ्याच्या दाण्याइतकें, म्हणजे शून्यवत्, व्हावें, असें ठरलें. एके काळीं युरोपांत मिरीं मोलाचीं मानलीं जात. पण एका दाण्याला कसली किंमत? करार रिता नाहीं एवढें दाखविण्यापुरता इंग्रज वकिलांनीं तो मलबारी दाणा आजवर जपला आहे. या कायद्याच्या रागानें वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकनीं कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षच सोडला.

वाढीव मुदत फुकट नव्हती, आणि तिच्या किंमतीच्या गणितांतच सामान्य कुटुंबाची गोची होत असे. मालकाला घर अमुक वर्षांनीं परत मिळणार, तर त्या आशेची आज किंमत काय? २००६ च्या एका खटल्यांत, जो पुढें उमरावांच्या सभेपर्यंत गेला, फ्लॅटसाठीं दरसाल ५ टक्के दर ठरला. त्या दरानें ५ लाख पौंडांच्या फ्लॅटवरील ही आशा ९० वर्षें उरलीं असतां सुमारें ६,२०० पौंडांची भरते, ६० वर्षें उरलीं असतां सुमारें २६,८०० पौंडांची, आणि ३० उरलीं असतां सुमारें १,१५,७०० पौंडांची. शिवाय मुदत वाढल्यामुळें फ्लॅटची जी किंमत चढते, तिला 'विवाह-मूल्य' असें लडिवाळ नांव आहे, आणि त्याचा अर्धा वांटा मालकाचा. २००२ च्या कायद्यानें ८० वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या पट्ट्यांना यांतून वगळलें. त्यामुळें ८० हा आंकडा लंडनच्या घरोघरीं धास्तीचा झाला. एक दिवस उशीर झाला कीं हजारों पौंडांचा भुर्दंड.

२०२४ च्या कायद्यानें ९९० वर्षांच्या वाढीची आणि विवाह-मूल्य रद्द करण्याची तरतूद केली. परंतु सगळीं कलमें एकदम अंमलांत आलीं नाहींत. मानानें लहान दिसणारी एक सुधारणा मात्र आधीं लागू झाली. पूर्वीं फ्लॅट घेतल्यावर दोन वर्षें मालकी टिकल्याखेरीज मुदतवाढीचा अर्ज करतां येत नसे. ८१ वर्षें उरलेला फ्लॅट घेणारें कुटुंब ही अट पुरी होईतों ७९ वर येऊन पोंचे, आणि नेमकें त्या धास्तीच्या आंकड्याखालीं सांपडे. विकणाऱ्यानें आपला अर्ज आधीं करून तो हस्तांतरित केला तरच सुटका होई. ३१ जानेवारी २०२५ पासून ती अट उठली.