परगावच्या आय.सी.यू.त जाणारी सिस्टर



नाटककार राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी आपल्या सावनेरात वारले. त्याच्या आदल्याच वर्षी मानमोडीच्या साथीने आपल्या मध्य प्रांतात घरंच्या घरं ओस पाडली होती. तेव्हा आय.सी.यू. नावाची खोली जगात कुठेच नव्हती. रोग्याच्या उशाशी रात्रभर जागायची ती घरातली बाईच.

त्याआधी 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं, असं सांगतात. त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या.

आय.सी.यू.चा जन्मही साथीतूनच झाला. 1952 मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओ पसरला. श्वास बंद पडलेल्या रोग्यांना हाताने फुगा दाबून हवा देण्यासाठी सुमारे 1500 विद्यार्थी पाळीपाळीने बसले. त्यातून शिकून तिथे 1953 मध्ये अतिदक्षता विभाग सुरू झाला. मशीन नंतर आल्या. पण मशीनकडे आणि रोग्याकडे चोवीस तास लक्ष ठेवायला शिकलेलं माणूस लागतंच. ते काम सिस्टर करते.

अशा सिस्टर कमी पडल्या की बाहेरून बोलवाव्या लागतात. मे 2020 मध्ये, कोरोनात, महाराष्ट्राने केरळकडे 50 डॉक्टर आणि 100 नर्स मागितल्या. पत्रात महिन्याचा पगारही लिहिला होता: एमबीबीएस डॉक्टरला 80 हजार, नर्सला 30 हजार. पुढे केरळचं पथक अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात कामाला लागलं.

हे आज का सांगते? आपल्या गावच्या पोरीही नर्सिंग शिकून नागपूर, पुणे, हैदराबादला काही महिन्यांच्या कंत्राटावर जातात. आता भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. बी.एस्सी. नर्सिंगनंतर तो करता येतो. म्हणजे हे कसबाचं काम आहे, हे सरकारदरबारीही मान्य झालंय. तरी पगाराचं बोलणं निघालं की "ही तर सेवा आहे" असं ऐकवतात. सावित्रीबाईंनी सेवा स्वतःहून केली. कुणाच्या पोटच्या पोरीकडून ती कमी पगारात करून घ्यायची, असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून पोरगी निघण्याआधी कागद वाचा. पगार किती, कोणत्या तारखेला? ड्यूटी किती तासांची, एका सिस्टरकडे रोगी किती? राहायची सोय कुठे, रात्री तिथवर कोण सोडणार? आजारी पडली तर खर्च कुणाचा? मुदतीआधी काम बंद झालं तर काय? दुसऱ्या राज्यात जायचं तर तिथल्या परिषदेची नोंदणी झाली का?

पुढच्या बैठकीत गटातल्या कुणाची लेक अशी जाणार असेल, तर तिचं नियुक्तिपत्र सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा. जे तोंडी सांगितलंय, ते लिहून मागा.

येते मी. नमस्कार.