पादुका : गुरु-शिष्य नात्याची खूण

केडगाव (अहिल्यानगर) : गुरुचरणी नतमस्तक होणे ही शिष्यत्वाची पहिली पायरी मानली जाते. गुरू दूर असता किंवा त्यांनी देह ठेवल्यानंतर त्या चरणांची जागा पादुका घेतात. लाकडी खडावा, पाषाणात कोरलेली पावले अथवा चांदीची जोडी असे त्यांचे रूप बदलते. भाव मात्र एकच राहतो.

या संकेताचे प्राचीन उदाहरण रामायणात आढळते. श्रीरामांच्या पादुकांना राज्याचे अधिष्ठान मानून भरताने नंदिग्रामातून चौदा वर्षे कारभार पाहिला. नाते बंधूंचे असले, तरी सत्ता आपली नसून आपण केवळ विश्वस्त आहोत, ही त्यामागील भावना शिष्याचीच होती.

महाराष्ट्रात दत्त संप्रदायाने पादुकांना मूर्तीचे स्थान दिले. श्रीनृसिंह सरस्वती यांच्या नृसिंहवाडी येथील 'मनोहर पादुका' आणि कर्नाटकातील गाणगापूरच्या 'निर्गुण पादुका' विशेष प्रसिद्ध आहेत. वाडीत पावसाळ्यात कृष्णेचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. या 'दक्षिणद्वार' सोहळ्यात स्नानासाठी भाविक गर्दी करतात.

आषाढी वारीतही संतांच्या पादुकाच पालखीतून पंढरीस जातात. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगरमार्गे जाते. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरूही होत. त्यामुळे वारीच्या अखेरीस गुरू आणि शिष्य या दोघांच्याही पादुका पंढरपुरात पोहोचतात.

केडगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील शिर्डीचा दाखला अधिक बोलका आहे. साईबाबा ज्या निंबाखाली प्रथम बसले, तेथे १९१२ मधील श्रावण पौर्णिमेस पादुकांची स्थापना झाली. ही हकिगत गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या 'श्री साई सच्चरित' या ग्रंथात येते. पादुकांच्या स्थापनेत पुढाकार घेणारे भाई कृष्णाजी अलिबागकर हे मुळात अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचे भक्त होते. ते अक्कलकोटला पादुकांच्या दर्शनास निघाले असता स्वप्नदृष्टान्त झाला आणि ते शिर्डीस आले, असे ग्रंथ सांगतो. बाबा त्या जागेला आपल्या गुरूंचे स्थान म्हणत. म्हणूनच ती 'गुरुस्थान' या नावाने ओळखली जाते. लाखोंनी गुरू मानलेल्या बाबांनी स्वतःचे शिष्यत्व तेथे जपले.

आज पादुकांवर चांदी-सोन्याचे आवरण चढते, दर्शनाच्या रांगाही लांबत जातात. तथापि, पादुका हे मुळात चालण्याचे साधन आहे. गुरू ज्या वाटेने गेले, त्या वाटेने आपणही पाऊल टाकावे, हीच त्यांची शिष्याकडून अपेक्षा होय. मस्तक टेकून घरी परतल्यानंतरच त्या अपेक्षेची खरी कसोटी सुरू होते.