सूचीत किती लिहावे?

जैन समाजाने ग्रंथरक्षणाला धर्मकार्याचे स्थान दिले आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी, तर श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी साजरी होते. या निमित्ताने पोथ्यांची पूजा होते, त्यांची देखभाल होते. वेष्टनामुळे पोथी टिकते. अभ्यासकाच्या हाती मात्र ती सूचीमुळेच लागते. म्हणूनच प्रत्येक पोथीविषयी सूचीत किती लिहावे, हा प्रश्न ग्रंथभांडारांच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो.

वऱ्हाडातील कारंजा हे याचे बोलके उदाहरण होय. तेथील दिगंबर भांडारांत अपभ्रंश भाषेतील मोलाचे वाङ्मय सुरक्षित होते. रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची इ.स. १९२६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाली. तीत ग्रंथनामांबरोबर मूळ ग्रंथांतील उतारेही होते. त्यांतून या भाषेचे स्वरूप अभ्यासकांपुढे आले. पुढे पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ साली आणि 'णायकुमारचरिउ' डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ साली संपादित करून कारंजा येथून प्रकाशात आणले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात या प्रश्नाची दोन उत्तरे जवळजवळ एकाच काळात सिद्ध झाली. मुंबई सरकारने १८६८ पासून जमविलेला हस्तलिखितसंग्रह १९१८ मध्ये या संस्थेकडे आला. त्यातील जैन पोथ्यांची वर्णनात्मक सूची प्रा. हीरालाल रसिकदास कापडिया यांनी केली. ते मूळचे गणिताचे पदवीधर. पोथीचे वर्णनही त्यांनी त्याच काटेकोरपणे केले. आकार, पत्रे, ओळी, लेखनकाळ, आदि, अंत, सारे त्यात आहे. परंतु केवळ आगम वाङ्मयाचे पाच भाग छापून होण्यास १९३५ ते १९५४ इतका काळ लागला.

प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनी दुसरी वाट धरली. उपलब्ध सूची, अहवाल व याद्या एकत्र करून त्यांनी 'जिनरत्नकोश' रचला. ग्रंथनामांचा हा पहिला खंड १९४४ साली निघाला. नोंदी संक्षिप्त आहेत, पण अमुक ग्रंथाच्या प्रती कोणकोणत्या भांडारांत आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

दोन्ही मार्गांची मर्यादा उघड आहे. 'उत्तराध्ययन, सटीक' एवढेच लिहिले तर टीका शांतिसूरींची, नेमिचंद्रांची की भावविजयांची, हे समजत नाही. उलट प्रत्येक पोथीचे सांगोपांग वर्णन करू गेल्यास मोठा संग्रह एका पिढीत आटोपत नाही, आणि उरलेल्या पोथ्या नोंदीविना राहतात.

आता संगणकीय प्रतिमांमुळे हाच प्रश्न नव्या रूपात आला आहे. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात डब्लिन येथे तज्ज्ञांची बैठक झाली. तिच्यातून पुढे 'डब्लिन कोअर' नावाची अवघ्या पंधरा घटकांची नोंदपद्धती रूढ झाली. शीर्षक, कर्ता, विषय, काळ, भाषा असे घटक त्यात आहेत. पोथीला हे पुरेसे नाही, पण आरंभाला पुष्कळ आहे.

येथे जुन्या सूचिकारांना नसलेली एक सोय आहे. आदि, अंत, पुष्पिका, लिपिकाराचे नाव, पोथी लिहवून घेणाऱ्या श्रावकाचे कुळ हे सारे प्रतिमेवरून पुढेही वाचता येते. ते काम नंतरच्या अभ्यासकांवर सोपविता येते. परंतु पोथी कोणत्या भांडारातील, कोणत्या वेष्टनातील व कोणत्या क्रमांकाची, मोजमाप किती, कोणती पत्रे मुळातच नाहीत आणि कोणती चित्रणात सुटली, हे प्रतिमा सांगत नाही. ते पोथी हातात असतानाच लिहिले पाहिजे. क्रमांक तुटलेली प्रतिमा म्हणजे वेष्टनाबाहेर पडलेले सुटे पत्र होय.

तेव्हा सर्व पोथ्यांची संक्षिप्त पण निर्दोष नोंद आधी, आणि दुर्मीळ वा अनोळखी ग्रंथांचे विस्तृत वर्णन मागाहून, हाच क्रम हितावह ठरतो. वेलणकरांची व्याप्ती आणि कापडियांची खोली यांत विरोध नाही. एक पहिली पायरी आहे, दुसरी तिच्या वरची. पहिली पायरी चुकली, तर श्रुतज्ञान सुरक्षित राहूनही अज्ञात राहते.