पंचगंगा खोरे : उसाच्या शेतातून नदीत जाणारे प्रदूषण कसे रोखावे?

पंचगंगेचे पाणी काळे पडले किंवा तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच दिसला की बोट शहरांकडे आणि कारखान्यांकडे जाते. ते बरोबरच आहे. कोल्हापूर शहरातील जयंती व दुधाळी नाल्यांचे सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे रंगीत पाणी, साखर कारखाने व डिस्टिलरीचे मळीमिश्रित पाणी हे या नदीचे मोठे दुखणे आहे आणि ते दूर करणे शेतकऱ्याच्या हातात नाही. मात्र नदीत पोचणाऱ्या नत्र-स्फुरदाचा एक वाटा आपल्या उसाच्या फडातून, ओढ्या-ओघळीच्या वाटेने जातो. तो थांबवायला कोणाची परवानगी लागत नाही, उलट खताचा खर्च कमी होतो. या लेखात त्याच वाट्याचा विचार केला आहे.

पाणलोट म्हणजे फक्त नदीकाठ नव्हे

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. तिथून ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. राधानगरी, करवीर, पन्हाळा, हातकणंगले किंवा शिरोळ तालुक्यात तुमचे शेत नदीपासून पाच-सहा किलोमीटर आत असले तरी त्यातून निघालेले पाणी ओढ्याला आणि ओढ्याचे पाणी नदीला मिळत असेल, तर तुमचे शेत पंचगंगेच्या पाणलोटातच आहे.

या नदीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले नाही तर पुढचा हिशेब जुळत नाही. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तिच्यावर एकापाठोपाठ आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे घातले जातात आणि जूनच्या आधी काढले जातात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने नदी वाहत नाही, एकाखाली एक तलाव होऊन उभी राहते. पावसाळ्यात जे पाण्याबरोबर वाहून गेले असते ते या काळात साठते. थंडी-उन्हाळ्यात ओढ्यात सोडलेले थोडे पाणीही म्हणूनच जास्त नुकसान करते. त्या तलावातूनच उपसा योजना पाणी घेतात आणि त्यातूनच काठच्या गावांच्या नळपाणी योजना चालतात. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्याची किंमत काय असते हे या भागाला नव्याने सांगायला नको.

खत नदीपर्यंत कसे पोचते?

नत्र आणि स्फुरद यांच्या वाटा वेगळ्या आहेत, त्यामुळे उपायही वेगळे आहेत.

युरियातील नत्राचे जमिनीत काही दिवसांत नायट्रेट होते. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते आणि मातीला धरून राहत नाही. पाटाने भरपूर पाणी दिले की ते मुळांच्या खाली उतरते, विहिरीत जाते किंवा झिरपत ओढ्यात येते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असे भारतीय मानक आहे. तान्ह्या मुलांना जास्त नायट्रेट विशेष घातक असते. मळ्यातल्या विहिरीचे पाणी घरात पीत असाल तर त्याची तपासणी एकदा करून घ्याच.

स्फुरद मात्र मातीच्या कणांना चिकटून राहते. माती जागेवर राहिली की तेही राहते, माती वाहिली की गाळाबरोबर जाते. म्हणून नत्रासाठी पाण्यावर ताबा हवा आणि स्फुरदासाठी मातीवर.

उभ्या पाण्यात ही दोन्ही अन्नद्रव्ये सांडपाण्यातील अन्नद्रव्यांना मिळाली की शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. जलपर्णीचा गालिचा पाण्याला हवा लागू देत नाही. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. त्यातच वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढून तळाचे शिळे पाणी एकदम खाली आले, की मासे तडफडून पृष्ठभागावर येतात.

खताची मात्रा आणि वेळ

शिफारस हेक्टरी किलोत असते आणि आपण खत टाकतो एकरी पोत्यांत. जास्तीची पोती या दोन्हींच्या मधल्या फटीतून शिरतात. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश अशी शिफारस आहे, आडसालीला ४००:१७०:१७०. नत्राचे एकरी गणित केले तर सुरूला सुमारे १०१ किलो आणि आडसालीला १६२ किलो होते. युरियात ४६ टक्के नत्र आणि पोते ४५ किलोचे. म्हणजे सगळे नत्र युरियातूनच दिले तरी सुरूला पाच आणि आडसालीला आठ पोती पुरतात. डीएपी किंवा मिश्रखत वापरत असाल तर त्यातले नत्र यातून वजा करायचे असते. डीएपीच्या ५० किलोच्या दोन पोत्यांत १८ किलो नत्र येते, जवळजवळ एका युरिया पोत्याइतके. ही वजाबाकी बहुतेक ठिकाणी होतच नाही. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर मात्रा त्यानुसार आणखी बदलेल.

नत्र चार हप्त्यांत विभागावे : लागणीवेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. स्फुरद व पालाश निम्मे लागणीला, निम्मे बांधणीला.

सगळ्यात जपायचा हप्ता शेवटचा. सुरू उसाची मोठी बांधणी मे अखेर किंवा जूनच्या तोंडावर येते आणि वळवाचे पाऊसही तेव्हाच पडतात. वरंब्याच्या बगलेला टाकलेला युरिया मातीआड न करता ठेवला आणि संध्याकाळी वळीव कोसळला, तर एकरी ४० किलोच्या आसपास नत्र सरीतून ओढ्याला जाण्याच्या बेतात असते. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर बांधणी दोन-तीन दिवस पुढे ढकला. खत पेरून लगेच मातीने झाका. आभाळ बघून खत टाकायचे आणि पावसानेच ते विरघळवायचे ही जुनी सवय हलक्या रिमझिमीत चालते, वळवात नाही.

ठिबक असेल तर हप्ते आणखी लहान करता येतात आणि पाणी मुळांच्या खाली उतरत नाही. ठिबक नसेल तर निदान एक सरी आड पाणी द्या आणि सरीच्या शेवटी पाणी शेताबाहेर पडण्यापूर्वी दार मोडा. शेताबाहेर गेलेले पाणी खत घेऊनच जाते.

शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाईपची निचरा पद्धत बसवलेली असेल तर जास्तच काळजी हवी. क्षार बाहेर काढणारा हा पाईप नायट्रेटही तितक्याच तत्परतेने बाहेर काढतो. अशा शेतात खतानंतर लगेच मोठे पाणी देऊ नये.

ओढ्याकाठची पट्टी

ओढ्याच्या अगदी धारेपर्यंत ऊस लावण्याचा मोह सोडणे अवघड आहे हे मान्य. पण त्या शेवटच्या दोन सऱ्या पुरात पडतात, काठ ढासळतो आणि दरवर्षी थोडी जमीन ओढ्यात जाते. त्याऐवजी तीन ते पाच मीटरची पट्टी कायम गवताखाली ठेवा. वाळा काठ धरतो, संकरित नेपिअर जनावरांना वैरण देते. पाण्याचा वेग गवतात मंदावतो, गाळ तिथेच बसतो आणि गाळाबरोबरचे स्फुरदही. या पट्टीत खत टाकू नका, तणनाशक तर मुळीच मारू नका.

खोडव्यात पाचट जाळू नका. सरी आड सरी ठेवलेले किंवा कुट्टी केलेले पाचट पावसाच्या थेंबांचा मार झेलते आणि माती हलू देत नाही.

फवारणीचे पाणी, गोठा आणि जलपर्णी

फवारणी पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुणे हा अपराध मानावा इतका वाईट प्रकार आहे. औषधाची बाटली रिकामी होताच तीन वेळा पाण्याने विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. उरलेले द्रावण त्याच पिकावर पातळ करून फवारून टाका. बाटल्या भोक पाडून निकामी करा, पाण्यापासून दूर ठेवा आणि पुन्हा कशासाठीही वापरू नका.

गोठ्याचे मूत्र आणि धुण्याचे पाणी खड्ड्यात साठवून उसाला द्या. उकिरडा ओघळीच्या वाटेत असेल तर हलवा.

जलपर्णी काढून कंपोस्ट करता येते. ती फुलण्याआधी काढावी, कारण तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते. मात्र औद्योगिक सांडपाणी मिसळते तिथली जलपर्णी जड धातू शोषून घेते. तिचे खत भाजीपाल्याला वापरू नये.

उपसा पाण्याची तपासणी

नदीचे पाणी थेट उचलत असाल तर वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, त्याचा नमुना तपासा. विद्युत वाहकता ०.७५ डेसिसायमनपर्यंत असेल तर सहसा अडचण नाही. २.२५ च्या वर असेल तर ते पाणी भारी काळ्या जमिनीला नियमित देऊ नये, जमीन चोपण होण्याचा धोका असतो.

पाणी अचानक काळे-लाल दिसले, फेस आला किंवा मासे मेले तर ते मासे खाऊ नका, जनावरांना पाणी पाजू नका आणि पंप बंद ठेवा. जागा, तारीख, वेळ दिसेल असे फोटो काढा. ग्रामपंचायत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवून पंचनाम्यासह नमुना घेण्याची मागणी करा. दोन दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात बहुधा काहीच सापडत नाही.

पुराआधीचे एक काम

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. मळ्यातल्या शेडमधील कीटकनाशके, तणनाशके, खताची पोती आणि डिझेलचे कॅन जूनमध्येच वरच्या जागी न्या. पाणी ३९ फुटांवर पोचेपर्यंत सखल भागातल्या अनेक वाटा बंद झालेल्या असतात.