ठेंगण्या गाडीची कथा

वाहनाची प्रतिष्ठा त्याच्या उंचीवरून मोजण्याची रीत फार जुनी आहे. अंबारीत बसणारा राजा काय, किंवा रथावर आरूढ होणारा महारथी काय, जमिनीपासून दूर असण्यातच दोघांना मोठेपणा वाटे. ही रीत उलटी करणारी एक परंपरा विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रुजली. गाडी जमिनीला जितकी जवळ तितकी ती देखणी, असे तेथील काही तरुण मानू लागले. या हौसेपायी त्यांचा कायद्याशी झगडा झाला, आणि त्या झगड्यातून एक कारागिरी वाढीस लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांची दाट वस्ती होती. नवी मोटार घेण्याची ऐपत बहुतेकांना नव्हती. परंतु जुनी मोटार घ्यावी, ती आपल्या हातांनी सजवावी आणि व्हिटियर बुलेव्हार्ड या हमरस्त्यावरून सावकाश फिरवावी, यात त्यांना मोठा आनंद असे. गाडी ठेंगणी करण्याचे उपायही घरगुतीच होते. मागच्या कप्प्यात वाळूची पोती ठेवावीत, नाही तर मळसूत्री स्प्रिंगांचे एकदोन वेढे कापून टाकावेत.

सरकारला हे मानवले नाही. मूळ रचनेत फेरफार करून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कड्याच्या तळापेक्षा खाली आणू नये, असा नियम १९५८ साली कॅलिफोर्नियात अमलात आला. नियमाचे शब्द सर्वांना सारखेच होते. पण ठेंगण्या गाड्या ज्या वस्तीत होत्या, तिच्यावरच त्याचा भार पडला. मात्र या नियमात एक फट राहून गेली होती. त्याने उंचीची मर्यादा घातली होती. उंची हवी तेव्हा बदलू नये, असे म्हटले नव्हते. १९५९ साली रॉन अगीरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट मोटारीला विमानांतील हायड्रॉलिक पंप बसविले. आता रस्त्यावर पोलीस दिसताच गाडी वर उचलता येई, आणि ते दृष्टीआड होताच पुन्हा खाली आणता येई.

जे काम अगीरेने तेलाच्या दाबाने केले, ते हवेच्या दाबानेही होऊ शकते. जनरल मोटर्सने १९५३ साली लांब पल्ल्याच्या बसगाडीला पोलादी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगा बसविल्या होत्या. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम या महागड्या मोटारीतही ही योजना आली. पण हवा गळू लागल्याने अनेक मालकांनी ती काढून पुन्हा पोलादी स्प्रिंगा घातल्या. बसगाड्यांत मात्र ती टिकली. पुढे १९७० नंतर जपानी बनावटीचे छोटे पिकअप ट्रक कॅलिफोर्नियातील तरुणांच्या आवाक्यात आले, आणि ठेंगणेपणाची हौस या मालवाहू गाड्यांनाही जडली. शतकाच्या अखेरच्या दशकात हवेच्या फुग्यांनी त्यांत चांगलेच घर केले.

पिकअप ट्रकला हवा मानवते, याला कारण आहे. त्याचे मागचे पाटे ओझ्याच्या हिशेबाने ताठ केलेले असतात. त्यामुळे रिकामी गाडी दणके देत चालते. फुग्यात मात्र ओझे वाढेल तसा दाब वाढवता येतो, आणि ओझे उतरताच कमी करता येतो. तथापि पाटे काढून त्या जागी फुगा ठेवला, की काम संपले, असे नाही. पाटे दोन कामे करीत असतात. ते भार तोलतात, आणि चाकांचा आसही जागच्या जागी धरून ठेवतात. फुगा केवळ भार तोलतो. म्हणून आसाला धरून ठेवण्यासाठी चार पोलादी दांडे घडवावे लागतात. त्यांपैकी वरचे दोन तिरपे बसविले, तर आस डावीउजवीकडे सरकत नाही.

यानंतर दुसरी अडचण उभी राहते. गाडी खाली बसली, की आस वरच्या चौकटीला भिडतो. तेव्हा चौकटीचे पोलाद तेवढ्या जागी अर्धगोल कापून त्याभोवती जाड पत्रा सांधावा लागतो. नाही तर गाडीचा कणाच दुबळा होतो. फुगे वळणावर कशालाही घासता कामा नयेत. डाव्याउजव्या फुग्यांची हवा एकमेकांत मोकळी वाहता कामा नये. कारण वळणावर दाबल्या गेलेल्या फुग्यातील हवा दुसऱ्यात शिरली, तर गाडी अधिकच कलते. म्हणून प्रत्येक चाकाला निराळी झडप देतात. यांतील पुष्कळ भाग बाजारात तयार मिळत नाहीत. एकेका गाडीचे माप घेऊन ते घडवावे लागतात. एक सांधा कच्चा राहिला, तर त्याची किंमत आत बसणाऱ्याला आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही मोजावी लागते. ज्यांना कायद्याने बेजबाबदार ठरविले, त्यांना स्वतःचा एवढा कडक नियम पाळणे भाग होते.

२०२३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने उंचीचा तो निर्बंध उठविणारा कायदा संमत केला, आणि १ जानेवारी २०२४ पासून तो अमलात आला. अशा गाड्यांच्या संथ फेऱ्यांवर बंदी घालण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकारही त्याच कायद्याने गेला. बंदी सहासष्ट वर्षे टिकली. तिला चुकविण्यासाठी ज्यांनी गाडी वर उचलण्याची विद्या मिळविली, त्यांच्या नातवंडांना ती आता पोलिसांच्या भयाने वापरावी लागत नाही. तरीही कार्यशाळेत दांडे घडतच आहेत, सांधे जुळतच आहेत. रस्त्यावर गाडी थांबते, फुग्यांतील हवा सुस्कारा टाकीत बाहेर पडते, आणि ती हळूहळू जमिनीला टेकते.