घरातले माणूस

वडिलार्जित घर नव्याने बांधायला काढले, तेव्हा आईने माजघराला हात लावू दिला नाही. तिचे पहिले मूल तेथेच गेले होते. मी चिडलो.

पुढे घोडनदीकाठी इनामगावी जाणे झाले. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी, डॉ. ढवळीकर यांनी तेथे इ. स. पूर्व १६०० ते ७०० मधली वस्ती उकरली. आरंभीची घरे ऐसपैस, चौकोनी; पाऊस उणावल्यावर, ढवळीकरांच्या मते, लहान वाटोळ्या झोपड्या आल्या. घराची घडण पालटली. पण गेलेले मूल दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे नि घराच्याच जमिनीखाली पुरायचे, ही रीत सुटली नाही.

परतल्यावर गवंड्याला म्हटले, “माजघर राहू द्या.” यंदाची पहिली पणती तेथल्याच कोनाड्यात लागली.